पोटाला मुका मार, फाटलेलं पित्ताशय आणि मधले बरे वाटणारे दिवस

प्रश्न थोडक्यात असा. २६ वर्षांचा धाकटा भाऊ पहिल्या पाळीला एमआयडीसीत निघाला होता, पोटात काहीच नव्हतं. वळणावर मोटरसायकल घसरली आणि हँडलचं टोक उजव्या बरगडीखाली जोरात बसलं. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे आणि सोनोग्राफी झाली, दोन्ही ‘नॉर्मल’. एक रात्र ठेवून घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी तो हिंडूफिरू लागला, भाकरी खाल्ली. पाचव्या दिवसापासून जेवण जाईना, पोट फुगलं, डोळे पिवळे दिसू लागले. घरच्यांनी काविळीचं गावठी औषध दिलं. आठव्या दिवशी शहरात नेल्यावर सीटी स्कॅनमध्ये पित्ताशय फाटल्याचं कळलं. पोटातून जवळपास दोन लिटर हिरवट-पिवळं पाणी काढलं आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकलं. आता बहीण विचारते: खडे नसताना पित्ताशय फाटलं कसं? पहिली सोनोग्राफी खोटी होती का? काढण्याऐवजी टाके घालता आले नसते का? आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ईआरसीपी व स्टेंट’ लिहिलंय ते काय, पुढे पथ्य किती?

ताई, भाऊ घरी आला, जेवतोय, हे चांगलं झालं. तुमच्या प्रश्नांत सोनोग्राफीचा प्रश्न सगळ्यात वजनाचा आहे, त्यावर जास्त लिहितो. पण आधी खड्यांचं.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली पातळ पिशवी. मोठ्या माणसात तीत साधारण ३० ते ५० मिली पित्त मावतं. वरून यकृत, पुढून बरगड्या, खालून आतडी आणि चरबीचा पदर, असा चहूबाजूंनी आडोसा असल्यामुळे मुक्या माराने तिला इजा होणं दुर्मिळ. मुका मार लागून ज्यांचं पोट उघडावं लागतं, त्यांच्यातसुद्धा पित्ताशयाच्या इजेचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच धरलं जातं. शिवाय ही इजा बहुधा एकटी येत नाही. सोबत यकृत फाटलेलं असतं, कधी प्लीहा, म्हणजे पानथरी, कधी जठरानंतरचा आतड्याचा पहिला भाग, ज्याला आम्ही ड्युओडेनम म्हणतो. फक्त पित्ताशय फाटणं, जसं तुमच्या भावाचं झालं, ते आणखी विरळ.

लोकांना वाटतं की पित्ताशय खराब असेल तरच फुटेल. मार लागून फाटण्याच्या बाबतीत उलट आहे. वर्षानुवर्षं खड्यांनी सुजून जाड झालेली भिंत दणका सोसते. निरोगी, पातळ, ताणलेली भिंत फाटते. आणि ती कधी ताणलेली असते? उपाशीपोटी. यकृत रात्रंदिवस पित्त बनवत असतं. जेवण नसताना पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूचा वळसा आवळलेला राहतो आणि पित्त मागे पिशवीत साठतं. जेवण पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि रिकामं होतं. पाण्याने गच्च भरलेल्या फुग्यावर बुक्की मारून पाहा आणि अर्धवट भरलेल्यावर मारून पाहा, म्हणजे फरक कळेल. तुमचा भाऊ पहाटे काही न खाता निघाला होता, म्हणजे पित्ताशय भरलेलं असण्याचीच वेळ. दारू प्यायलेल्या माणसातही ही इजा जास्त दिसते. दारूमुळे तो स्नायूचा वळसा आणखी घट्ट होतो, पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, आणि वर माणसाला दुखणं नीट सांगताही येत नाही.

मार कसा बसतो तेही पाहू. हँडल, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, बैलाचं शिंग, कबड्डीत बसलेला गुडघा, अशी लहान आकाराची कठीण वस्तू एकाच जागी जोराने बसली की पित्ताशय पुढची वस्तू आणि मागचा मणका यांच्यात चेपलं जातं, आतला दाब एकदम वाढतो आणि भिंत फाटते. झाडावरून पडल्यावर किंवा भरधाव गाडी एकदम थांबल्यावर दुसरी गोष्ट होते. जड यकृत आपल्या गतीने पुढे जातं, त्याला चिकटलेली पिशवी हिसक्याने उचकटते. कधी थोडी सुटते, कधी पूर्ण सुटून नुसत्या नळीवर लोंबकळत राहते. पूर्ण सुटताना तिची धमनी तुटली तर मात्र रक्तस्राव जोरात होतो आणि मग निदानाला उशीर होत नाही, पेशंटच टेबलावर घ्यावा लागतो. मोडलेल्या बरगडीचं टोक टोचून भोक पडल्याचंही होतं, पण क्वचित.

सायकलवर शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना एवढंच सांगतो की हँडलच्या टोकाचं रबर झिजून लोखंडी नळी उघडी पडली असेल तर आजच्या आज बदला. पोटावर त्या नळीचा गोल वळ उठलेली मुलं आम्ही पाहतो. अशा वळाखाली पित्ताशयापेक्षा स्वादुपिंड आणि ड्युओडेनमला इजा होण्याची भीती जास्त असते. तो वळ दिसला की मूल हसत-खेळत असलं तरी त्याला घरी पाठवायला माझा हात धजत नाही.

आता सोनोग्राफी. अपघातानंतर कॅज्युअल्टीत जी झटपट सोनोग्राफी होते, तिचं काम मर्यादित असतं. हृदयाभोवती, यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मध्ये, प्लीहेभोवती आणि ओटीपोटात, अशा चार जागी पाणी किंवा रक्त साठलंय का, एवढं ती पाहते. ‘आत्ता पोट उघडायचं का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं. थोडंसं पाणी, शे-दीडशे मिली, तीत सहज सुटतं. पोटात हवा असेल, रुग्ण दुखण्यामुळे वळत नसेल, तर आणखी सुटतं. पित्ताशयाची भिंत कुठे फाटली हे दाखवणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. फाटल्यावर पहिल्या काही तासांत भोकावर रक्ताची गुठळी बसते, चरबीचा पदर येऊन चिकटतो, गळती थेंब-थेंब असते. अशा वेळी ‘नॉर्मल’ रिपोर्ट खोटा नसतो, त्या घटकेपुरता तो खरा असतो. मला न पटणारी गोष्ट पुढची आहे. त्या कागदावर विसंबून रुग्णाचं पोट पुन्हा हाताने न तपासता त्याला घरी सोडणं.

रिपोर्टमध्ये कधी कधी धागा असतो आणि तो कोणी ओढत नाही. रुग्ण रात्रभर उपाशी आहे आणि तरीही पित्ताशय ‘आकुंचित’ दिसतंय, तर ते पित्त गेलं कुठे? पित्ताशयात ‘गाळ’ किंवा ‘खडा असावा का?’ असं लिहिलंय आणि माणूस तरुण आहे, आधी कधी तक्रार नव्हती, तर तो गाळ रक्ताचा असू शकतो. भिंत जाड, तिच्याभोवती पाण्याची रेघ, हे तर सरळ इशारे. तुमच्याकडे पहिल्या दिवसाचा रिपोर्ट असेल तर यातलं काही लिहिलंय का ते पाहा.

रक्तदाब स्थिर असलेल्या, पण बरगडीखाली दुखणं टिकून असलेल्या माणसाला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिल्मवर पांढरं दिसणारं औषध, शिरेतून देऊन केलेला सीटी स्कॅन ही योग्य तपासणी. त्यात रिकामं होऊन चपटं पडलेलं पित्ताशय, अस्पष्ट किंवा तुटक भिंत, आतलं रक्त, यकृतापासून सुटलेली पिशवी, हे सगळं दिसू शकतं. साठलेल्या द्रवाची घनता मोजता येते. पित्त पाण्याच्या जवळ, म्हणजे ० ते २० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवरचं घनतेचं माप) आसपास असतं, ताजं रक्त त्याहून बरंच वर. यावरून आम्ही एक ठोकताळा वापरतो. पोटात मोकळं पाणी आहे आणि यकृत, प्लीहा, मूत्रपिंड सगळं शाबूत आहे, तर ते पाणी कुठल्या तरी पोकळ अवयवातून आलंय. आतडं, लघवीची पिशवी किंवा पित्ताशय. शोध थांबवायचा नाही. इथे नवख्यांना फसवणारी एक जागाही आहे. आदल्या दिवशी दुसरीकडे कॉन्ट्रास्ट दिलेलं असेल तर त्यातला काही भाग पित्तातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सीटीत पित्ताशय पांढरं दिसतं. ते रक्त समजून धावपळ होते. म्हणून दुसऱ्या रुग्णालयात जाताना आधीच्या फिल्म आणि सीडी सोबत न्याच.

सीटीसुद्धा पहिल्या दिवशी साफ येऊ शकतो. पित्ताशय नुसतं ठेचलेलं असतं, भिंतीत रक्त साकळलेलं असतं, भोक नसतं. त्या जागेचा रक्तपुरवठा तुटून ती काही दिवसांनी सडते आणि मग भोक पडतं. तुमच्या भावाचं कोणतं झालं, पहिल्या दिवसाचं बारीक भोक की उशिराने पडलेलं, हे काढलेल्या पित्ताशयाच्या बायोप्सी रिपोर्टवरून काही अंशी कळेल. तो रिपोर्ट मागून घ्या, विम्याच्या कामालाही लागेल.

आता त्या मधल्या दिवसांबद्दल. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. निरोगी माणसाचं पित्त बहुधा निर्जंतुक असतं. ते पोटाच्या पोकळीत सांडलं तर पोटाचं आवरण चिडतं खरं, पण आतडं फुटून विष्ठा सांडल्यावर जसं पोट लाकडासारखं कडक होतं तसं होत नाही. माराचं पहिलं दुखणं दोन दिवसांत ओसरतं. माणूस उठतो, फिरतो, दोन घास खातो. घरचे म्हणतात, वाचला. दवाखाना म्हणतो, बरा झाला. आत मात्र पित्त गळत असतं आणि चिडलेलं आवरण स्वतःचंही पाणी सोडत असतं. ते दोन लिटर सगळं पित्त नव्हतं, हे त्यामुळेच. मग हळूहळू भूक जाते, मळमळ होते, पोट जड वाटतं, बारीक ताप येतो, नाडी वाढते. कोणी ॲसिडिटीची गोळी देतं, कोणी गॅसची. काही दिवस असे गेले की त्या पाण्यात जंतू शिरतात आणि मग माणूस काही तासांत खचतो. तुमचा भाऊ त्या टोकाला पोचायच्या आधी सापडला.

डोळे पिवळे का झाले? पोटात साचलेलं पित्त आवरणातून शोषलं जाऊन रक्तात जातं. यकृत बिघडलेलं नसतं. रक्ततपासणीत बिलिरुबिन, म्हणजे पित्तातला पिवळा रंग, चढलेलं आणि यकृताची एन्झाइम्स त्या मानाने शांत, असं विजोड चित्र दिसतं. सुईने पोटातलं पाणी काढून त्यातलं बिलिरुबिन मोजलं आणि ते रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त आलं, की पित्तगळती ठरली. ही तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणीही होते.

काविळीच्या औषधाबद्दल तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय. तसं वाटून घेऊ नका, आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की पहिली वाट तिकडेच वळते. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी स्पष्ट लिहितो. पोटाला मार लागल्यानंतर महिन्याभरात कावीळ दिसली, तर ती माराचीच समजून सर्जनकडे जायचं. माळ, पाला, डोळ्यात टाकायचं औषध, सगळं बाजूला. आणि मार लागल्यावर ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं तर अजिबात नको. चिकटून बसलेला चरबीचा पदर चोळल्याने सुटतो आणि थांबलेली गळती पुन्हा सुरू होऊ शकते.

पहिल्या दवाखान्याची चूक होती का, हे मी लांबून ठरवणार नाही. सोनोग्राफीत दिसलं नाही, एवढ्याने ती चूक ठरत नाही. केस पेपरवर पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. सोडण्याआधी सकाळी कोणी पोट तपासून दुखणं किती आहे ते लिहिलं का? नाडी, ताप, हिमोग्लोबिन पुन्हा पाहिलं का? दुखत असताना वेदनाशामक इंजेक्शनवर ठेवून ‘आता बरं आहे’ असं धरलं का? आणि घरी जाताना पोट फुगलं, उलटी झाली, ताप आला, डोळे पिवळे झाले, शी काळी झाली तर लगेच या, असं मराठीत सांगितलं का? यातलं शेवटचं फार ठिकाणी राहून जातं. इंग्रजीत छापलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाला एक ओळ असते, ती कोण वाचतं? काळ्या शीचा उल्लेख मुद्दाम केला. पित्तमार्गात रक्त उतरत असेल तर ते आतड्यात जाऊन शी डांबरासारखी काळी होते. सोबत कावीळ आणि उजवीकडे कळ असेल तर ते वेगळं आणि घाईचं प्रकरण.

टाके घालून पित्ताशय वाचवता आलं नसतं का? पूर्वी असे टाके घातले जात. हल्ली कोणी शहाणा सर्जन सहसा घालत नाही. ठेचलेल्या, पित्ताने भिजलेल्या, आठ दिवस सुजलेल्या भिंतीत टाका धरत नाही. धरला तरी पुन्हा गळण्याची भीती राहते, आणि राहिलेल्या पित्ताशयात पुढे खडे व्हायची शक्यता असतेच. उलट पित्ताशयाशिवाय माणूस व्यवस्थित जगतो. त्यामुळे फाटलेलं, उचकटलेलं किंवा सडू लागलेलं पित्ताशय काढणं हाच रुळलेला मार्ग. नुसतं ठेचलेलं असेल तर दाखल ठेवून, पुन्हा पुन्हा तपासून वाट पाहता येते. आणि रुग्ण इतका गंभीर असेल की लांबलेली भूल सोसणार नाही, तर पित्ताशयात नळी ठेवून वेळ काढतात. दुर्बिणीतून केलं ते योग्यच केलं. प्रकृती स्थिर होती, सीटीत दुसरी इजा नव्हती. मात्र असं ऑपरेशन करताना नुसतं पित्ताशय काढून बाहेर येणं पुरत नाही. ड्युओडेनम, स्वादुपिंडाचं डोकं, मोठ्या आतड्याचं वळण हे सगळं डोळ्यांनी पाहावं लागतं, पोट धुऊन साचलेलं पित्त काढावं लागतं. ऑपरेशन नोटमध्ये तसं लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा.

ईआरसीपी म्हणजे तोंडावाटे दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत नेऊन, पित्तनलिकेच्या तोंडातून वर औषध सोडून एक्स-रेवर नलिका पाहणं. एवढा जोराचा मार बसला म्हणजे मुख्य नलिकेलाही चीर गेली का, हे पाहायलाच हवं. पित्ताशयापेक्षा ती इजा फार गंभीर असते. बारीक गळती दिसली किंवा शंका राहिली की नलिकेत प्लास्टिकची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. स्टेंटमुळे पित्ताला आतड्यात उतरायची वाट सोपी होते, वरचा दाब कमी होतो आणि चीर आपोआप भरून येते.

पथ्याचं फार मनावर घेऊ नका. पित्त यकृतातच बनतं, ते आता साठून न राहता सारखं आतड्यात उतरत राहील, एवढाच बदल. पहिले तीन-चार आठवडे तळलेलं, तर्रीचं, तुपाने थबथबलेलं एका वेळी जास्त नको. थोडं-थोडं, जास्त वेळा खाऊ द्या. काहींना सुरुवातीला जेवल्यावर लगेच पातळ होतं, बहुतेकांचं आपोआप थांबतं. नाही थांबलं तर औषध आहे. नंतर डाळ-भात-भाकरी, अंडी, मटण, काहीही चालेल. जन्मभर उकडलेलं खायला सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. कारखान्यात जड उचलायचं काम असेल तर सर्जननी टाके आणि पोट तपासून परवानगी दिल्यावरच. साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला आणि तसं फिटनेस सर्टिफिकेट घेऊनच हजर व्हा.

स्टेंटकडे मात्र आजच लक्ष द्या. ही नळी कायमची नसते, गळतीसाठी ठेवलेली सहसा चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीतून काढतात. माणूस बरा झाला, कामाला लागला की ती आत आहे हेच विसरलं जातं. मग काही महिन्यांनी ती गाळाने बुजते आणि थंडी वाजून ताप, कावीळ घेऊन तोच पेशंट परत येतो. कार्डावर काढण्याची तारीख लिहिली नसेल तर ज्यांनी ईआरसीपी केली त्यांना उद्या फोन करून तारीख घ्या आणि ती भावाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. त्याआधी थंडी-ताप आला किंवा डोळे परत पिवळे दिसले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी न्या.